टेकडीवरचा फळा दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी का थांबतो

सान्ता रुफिना, ताकुआरेम्बो
शनिवार, २३ नोव्हेंबर

आदरणीय ओफेलियाताईस,

धाकट्या मामेभावाचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का, भावोजींची साखर ताब्यात आहे का आणि तुमच्या आठव्या मजल्यावरच्या गॅलरीतल्या जास्वंदीला कळी धरली का, ते सवडीने कळव. इकडे आत्याची तब्येत उत्तम आहे. (आधी 'उत्तम' लिहिलं, ते खोडून 'बरी' लिहिलं, मग पुन्हा 'उत्तम' लिहिलं. डावं मनगट पावसाळी हवेत अजून दुखतं, पण विचारल्याशिवाय ती सांगत नाही, आणि विचारलं तर 'तुझं काय दुखतं ते आधी सांग' म्हणते. तेव्हा 'उत्तम' हा शब्द तिचा समज, माझी फक्त सही.)

सप्टेंबरात बसस्टँडवर तू मला म्हणाली होतीस की, 'लेआंद्रो, तुला पाठवते कारण तुला खोटं बोलता येत नाही.' मी ते कौतुक समजून दोन महिने जवळ बाळगलं. आता वाटतं, ती नुसती माहिती असावी. काहीही असो, हे पत्र म्हणजे तू मागितलेला अहवाल आहे. लांबलं आहे, पण मी डायरी समोर ठेवून लिहितो आहे, आणि डायरीत जे आहे ते गाळलं तर मला रात्री झोप येत नाही हे तू जाणतेस.

आधी अट पुन्हा लिहून काढतो, म्हणजे आपण दोघं एकाच पानावरून बोलतो आहोत याची खात्री होईल. जुलैत डिझेलचा जनरेटर बंद पडला, पॅसेजमध्ये अंधार झाला, आत्या बाकाला अडखळून पडली आणि मनगट मोडलं. तेव्हापासून तू आंघोळीलाही फोन बरोबर नेतेस, असं भावोजींनी मला सांगितलं. (त्यांनी ते हसत सांगितलं. मला हसू आलं नाही.) म्हणून तू नोटरीच्या कागदावर टाइप करून पाठवलंस: नवी वीज आल्यावर, जनरेटरला हात न लावता, सलग सात दिवस घरात दिवा आणि नळाला पाणी राहिलं तर आई सान्ता रुफिनात राहील. नाहीतर तीस नोव्हेंबरला गाडी येईल आणि आई मॉन्टेव्हिडिओला, लिफ्टच्या शेजारच्या खोलीत. आत्यानं खाली सही केली. सही करताना तिनं चष्मा लावला नव्हता, पण मी मजकूर वाचून दाखवला होता. दोनदा.

'फिरणारीच पॅनेलं कशाला, छपरावर निजलेली साधी का नाहीत?' असं तू फोनवर विचारलं होतंस. व्यवहारी उत्तर असं की गुरांना पाणी लागतं ते सकाळी लवकर आणि संध्याकाळी, आणि निजलेलं पॅनेल त्या दोन्ही वेळी अर्धवट जागं असतं. पण खरं उत्तर आत्यानं दिलं. ती म्हणाली, 'मी हिवाळ्यात सकाळी पूर्वेच्या खिडकीत बसते, दुपारी उत्तरेच्या अंगणात आणि चार वाजता पश्चिमेच्या पायरीवर. खुर्ची एकाच जागी ठेवून थंडीला नावं ठेवणारी माणसं तुमच्या शहरात असतात.' यावर पॅनेलं विकायला आलेल्या माणसाला पुढचं काही बोलावं लागलं नाही. त्यानं आयुष्यात इतक्या लवकर कधी काही विकलं नसेल.

तर सप्टेंबरअखेर मिर्ता आली. मिर्ता फागुन्देस, ताकुआरेम्बोची, वय एकतीस, सौर यंत्रं बसवते. तिच्या जुन्या पिकअपचं डावं दार दोरीनं बांधलेलं आहे आणि आतली प्रत्येक पाना-पक्कड मात्र आपापल्या फडक्यात गुंडाळलेली. मी या बाईबद्दल पुढे वारंवार लिहिणार आहे आणि ते कौतुकानं लिहिणार आहे, तेव्हा आत्ताच सांगून ठेवतो की त्यात तू समजशील तसलं काही नाही. (हे वाक्य मी तीनदा तपासलं. नाही.) तिनं दोन जाड लोखंडी खांब उभे केले, एक विहिरीजवळ आणि एक घरामागच्या टेकडीवर. खांबाच्या डोक्यावर फिरती चौकट आणि चौकटीवर बारा-बारा पॅनेलं. विहिरीजवळचं पंपासाठी, टेकडीवरचं घरासाठी. पहिलं उभं राहिलं तेव्हा मला वर्गातल्या फळ्याची आठवण झाली, तसं मी बोललो, आणि तेव्हापासून इथे सगळे त्यांना 'फळे'च म्हणतात. निकानोर तेवढा नाराज होता. 'एवढा मोठा फळा,' तो म्हणाला, 'आणि त्यावर लिहायला कुणाकडे काही नाही.' निकानोर सोसाला तू ओळखतेस, मुकादम म्हणून त्याला इथे चाळीस वर्षं झाली. तो अजूनही मला 'मास्तर' म्हणतो आणि अजूनही मला ते कौतुक वाटत नाही.

फळा सूर्यामागे वळतो तो एका छोट्या डबीच्या सांगण्यावरून. मिर्ता तिला 'मेंदू' म्हणते. दोन्ही फळ्यांचे मेंदू पेटीतून निघाले ते निर्जीव. नवे यायला अठरा दिवस लागणार होते. तोवर दोन्ही फळे पूर्वेकडे तोंड करून गप्प उभे राहिले. 'डोक्यात काही नसताना महिनोन्महिने ताठ उभे राहणारे मी पुष्कळ पाहिलेत,' निकानोर माते, तो आपला कडू हिरवा काढा, नळीनं ओढता ओढता म्हणाला. हे म्हणताना त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही, हे मुद्दाम नमूद करतो. त्या अठरा दिवसांत आठ दिवस पाऊस पडला, माती मऊ झाली, आणि मी खोलीत बसून माझ्या अभ्यासरजेचं पुस्तक लिहीत होतो. (दीड पान झालं. पाऊस फार छान होता.) पाऊस आणि मऊ माती यांचा आपल्या फळ्याशी काही संबंध असेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. ज्याच्या डोक्यात आलं तो बोलला नाही. त्याच्याकडे येतोच.

नवे मेंदू आले त्या दिवशी ओढ्याला पूर होता. डब्या निकानोरनं घोड्यावरून आणल्या, पण मिर्ताची पिकअप पलीकडेच अडकली. शेवटी तिनं मला फोनवरून सांगून सांगून विहिरीजवळच्या फळ्यात मेंदू बसवून घेतला. मी सगळं व्यवस्थित केलं. तारीख घातली, वेळ घातली, आपण पृथ्वीवर कुठे आहोत ते घातलं: बत्तीस अंश. फळ्यानं एक सुस्कारा टाकला आणि सूर्याकडे तोंड वळवलं. सकाळचे नऊ होते. मी डायरीत लिहिलं, 'यश.' आत्यानं मला दुसऱ्यांदा चहा दिला.

मग जसजशी दुपार होत गेली तसतसा फळा दक्षिणेकडे वळू लागला. सूर्य उत्तरेच्या आकाशात, आणि आपला फळा त्याच्याकडे पाठ करून दक्षिणेला नमस्कार घालतो आहे. चार वाजल्यावर तो हळूहळू पश्चिमेला आला आणि पुन्हा सूर्याला भेटला, जसं काही झालंच नव्हतं. म्हणजे न्याहारीला आणि रात्रीच्या जेवणाला पंगतीत हजर, मधला सगळा वेळ भिंतीकडे तोंड, असा एखादा रुसलेला जावई. कुंपणाशी बसलेला निकानोर बराच वेळ पाहत होता. 'पाठ शेकतोय,' तो म्हणाला. 'थकला असेल.' मी माहितीपुस्तिका चारदा वाचली. मिर्ताला फोन केला.

'मास्तर, बत्तीसच्या आधी वजाचं चिन्ह घातलं होतंत ना?'

मी डबीवरचा आकडा पुन्हा वाचून दाखवला.

'म्हणजे तुम्ही आम्हाला विषुववृत्ताच्या वर नेऊन ठेवलंत,' ती म्हणाली. 'राहू द्या. संध्याकाळपर्यंत परत आणते.'

वीस वर्षं मी मुलांना शिकवतो आहे की जगाचे नकाशे वरच्या लोकांनी काढले, म्हणून आपण खाली दिसतो. आणि पहिली संधी मिळताच मी स्वतः एक आडवी रेघ विसरून आपल्या विहिरीला वर नेलं. ही गोष्ट अहवालात आवश्यक नाही, पण लपवली असती तर पुढचं सगळं तू कशाच्या भरवशावर वाचलं असतंस?

पाणी उतरल्यावर मिर्ता आली, चिन्ह घातलं, आणि विहिरीजवळचा फळा त्या दिवसापासून आजपर्यंत एकदाही चुकलेला नाही. मेंढ्या त्याच्या सावलीत बसतात, सावली सरकली की उठून चार पावलं सरकतात, आणि संध्याकाळपर्यंत खांबाभोवती अर्धी फेरी पूर्ण करतात. निकानोर म्हणतो की चाळीस वर्षांत मेंढ्यांनी शिस्तीत केलेलं हे पहिलं काम.

मग मिर्ता दुसरा मेंदू घेऊन टेकडीवर गेली, शिडी लावली, वर चढली आणि थांबली.

'निकानोर,' तिनं वरून हाक मारली. 'हे तुम्ही पाहिलंय?'

'बारा दिवस पाहतोय.'

'मग सांगितलं का नाही?'

'सांगून काय? तुम्ही त्याला थांबवणार होतात?'

ताई, खांबाच्या डोक्यापाशी, पश्चिमेच्या बाजूला, मोटरच्या तारांची एक पेटी आहे. त्या पेटीवर ओर्नेरो पक्ष्यांच्या जोडीनं घर बांधलं होतं. पूर्ण, पक्कं, पावाच्या भट्टीसारखं गोल घुमटाचं, मऊ मातीचा एकेक गोळा चोचीनं आणून थापलेलं, एका अंगाला वळणाचं दार. लहानपणी असल्याच एका घरात बोट घातलंस म्हणून तू आजोबांचा मार खाल्ला होतास, तेव्हा हे घर पाडणाऱ्याचं काय होतं ते तुला मी सांगायला नको. फळा गप्प उभा होता, पूर्वेकडे तोंड करून, वारा अडवून. जोडप्याला वाटलं असेल की एवढा मोठा आडोसा कुणीतरी आपल्यासाठीच उभा केला. आता फळा पश्चिमेला वळला की चौकटीचा लोखंडी दांडा थेट त्या घुमटावर येणार.

मिर्ता खाली उतरली आणि पिकअपच्या पायरीवर बसली. निकानोरनं मातेचं भांडं तिच्या हाती दिलं. तुझी अट, तीस तारीख आणि ती लिफ्टशेजारची खोली यांचा विचार त्या क्षणी फक्त मीच करत होतो असं मला वाटलं. (मागाहून कळलं की सगळेच करत होते, मी फक्त तोंडानं करत होतो.) मी म्हणालो की आपण ते घर पाडायचं नाही, नुसतं अलगद उचलून शेजारच्या कुंपणाच्या खांबावर ठेवू. तिथे हवा तीच, दृश्य तेच, जोडप्याला कळणारही नाही.

आत्या छत्री घेऊन टेकडीच्या पायथ्याशी खुर्चीवर बसली होती. तिचे कान अजून तीक्ष्ण आहेत, हेही अहवालात लिहून ठेव. 'अलगद,' ती म्हणाली. 'ओफेलियाही हाच शब्द वापरते.'

त्यानंतर मी तो प्रस्ताव पुन्हा मांडला नाही.

इथे मला तुझ्या बाजूनं एक गोष्ट लिहायची आहे, कारण या पत्रात तुझी बाजू घेणारं दुसरं कुणी नाही. आत्याचं वाक्य चपखल होतं, पण पूर्ण न्याय्य नव्हतं. जुलैत ती त्या पॅसेजमध्ये चाळीस मिनिटं पडून होती. निकानोर गोठ्यात होता, फोन स्वयंपाकघरात होता. तू त्या चाळीस मिनिटांत रोज राहतेस, ती त्यात एकदाच राहिली. कोण जास्त वेळ पडून आहे, मला ठरवता आलेलं नाही. डायरीत याची चार पानं आहेत आणि चारही पानांचा शेवट वेगळा आहे.

मिर्तानं त्या दिवशी काय केलं ते मात्र ऐक. ती पिकअपमध्ये दोन तास कॉम्प्युटर मांडीवर घेऊन बसली. मग शिडीवर चढून तिनं घुमटाच्या भिंतीपासून दांड्याच्या वाटेपर्यंतचं अंतर मोजलं, आधी फितीनं आणि मग हाताच्या बोटांनी, कारण तिचा बोटांवर जास्त विश्वास आहे. मादी घरातून बाहेर येऊन तिच्या कानाशी ओरडत होती. मिर्ता तिला समजावत होती, 'हो गं, हो. माझंही घर भाड्याचंच आहे.' मग तिनं मेंदूला सांगितलं की सूर्याबरोबर उगवतीपासून ये, दुपारी ये, पण भिंत चार बोटं उरली की थांब, आणि तिथून पुढे सूर्याला एकट्याला जाऊ दे. आम्ही सगळे खाली उभे. फळा वळत आला. दांडा घुमटाजवळ आला. निकानोरनं टोपी काढली. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी, बरोबर चार बोटांवर, फळा थांबला. मादी दारात आली, दांड्याकडे पाहिलं, आणि आत गेली. एवढंच. मी इतिहास शिकवतो, तह शिकवतो, दोन्ही बाजूंनी पाळलेला तह मी पहिल्यांदा पाहिला.

आता प्रश्न उरला हरवलेल्या दुपारचा. दोन वाजून दहा मिनिटांनंतर टेकडीवरच्या फळ्याला सूर्य तिरपाच मिळतो. मिर्तानं हिशेब करून सांगितलं की पुरेल, पण इस्त्री, कपडे धुण्याचं यंत्र आणि आत्याचा तो पीठ मळायचा खटारा हे सगळं दोनच्या आत उरकायचं. आत्यानं घराचं वेळापत्रक एका संध्याकाळी बदललं. साठ वर्षं सोमवारी संध्याकाळी होणारी इस्त्री आता सकाळी दहाला होते. दुपारी एक ते चार सगळं घर झोपतं ते पूर्वीपासूनच, आणि ही झोप तर मिर्ताला इतकी आवडली की तिनं ती कागदावर लिहून घेतली. 'माणसं झोपली की वीज कुणी खात नाही,' ती म्हणाली, 'सगळी बॅटरीत जाते. गावात मी लोकांना हेच सांगून थकते, ते दुपारी तीनला केक भाजतात.' दुपारच्या झोपेबद्दल मला आयुष्यभर जी टोचणी होती ती या बाईनं एका वाक्यात काढून टाकली. त्या दिवसापासून मी कर्तव्य म्हणून झोपतो.

(एक गोष्ट राहिली. ओर्नेरो रविवारी काम करत नाही असं इथे सगळे मानतात, तूही मानतेस. मी एका रविवारी सकाळी वही घेऊन टेकडीवर बसलो आणि नर मातीचा गोळा घेऊन आलेला माझ्या डोळ्यांनी पाहिला. दोनदा. हे निकानोरला सांगावं की नाही यात माझा पूर्ण दिवस गेला. शेवटी संध्याकाळी सांगितलं. त्यानं मातेचा घोट घेतला आणि म्हणाला, 'ते काम नव्हे मास्तर, ती डागडुजी.' मग भांडं पुन्हा भरता भरता, 'आणि तुम्ही तरी रविवारी वही घेऊन काय करत होतात?')

आता मुख्य मुद्दा, सात दिवस. पंधरा नोव्हेंबरच्या शुक्रवारी सकाळी सहाला निकानोरनं जनरेटरच्या खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली माझ्याकडे दिली. ती मी गळ्यात घातली. रोज रात्री आठला आत्या दिवा लावून वर्तमानपत्र वाचते, मग पॅसेजमधून या टोकापासून त्या टोकापर्यंत तीन फेऱ्या मारते, आणि मी भिंतीशी उभा राहून वेळ लिहितो. पहिला दिवस स्वच्छ. दुसऱ्या दिवशी मुद्दाम गरम पाण्यानं आंघोळ, सगळ्यांनी, निकानोरनंसुद्धा, रविवार नसताना. तिसऱ्या दिवशी आभाळ इतकं भरलं की कोंबड्या दुपारी चारला खुराड्यात गेल्या. तरी बॅटरीनं रात्रभर दिवा दिला आणि मी दर तासाला उठून पाहिलं. चौथा उत्तम. पाचवा दिवस इतर दिवसांसारखाच चोवीस तासांचा होता. सहाव्या दिवशी पंपानं टाकी सकाळी नऊलाच भरली आणि आत्यानं उरलेल्या पाण्यानं गुलाबांची चंगळ केली. सातव्या दिवशी, म्हणजे परवा गुरुवारी, मिर्ता तपासणीला आली, जेवायला राहिली, आणि आत्यानं स्वतः पीठ मळून पीचच्या मुरंब्याच्या पेस्ट्र्या केल्या. जाताना आत्या तिला म्हणाली, 'पोरी, तू माझ्या घरात बरंच काही बसवलंस.' मिर्ता कानापर्यंत लाल झाली आणि दोरी सोडून, चुकीच्या दारातून गाडीत चढली.

तेव्हा माझा निष्कर्ष असा: अटीचा हेतू पूर्णपणे साध्य झाला आहे.

भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. जास्वंदीला पाणी सकाळीच घालत जा.

तुझा,
लेआंद्रो

ता. क. १: वर 'अटीचा हेतू' असं लिहिलं आहे. 'अट' असं लिहिलेलं नाही, हे तुझ्यासारख्या नोटरीच्या नजरेतून सुटलं नसणारच. पत्र बंद करून दोन तास झाले, पण मला ते टेबलावर दिसत राहिलं, म्हणून पाकीट उघडलं. पाचव्या दिवशी, मंगळवारी, दिवेलागणीनंतर घरातली वीज गेली. फळ्यांचा दोष नाही, बॅटरीचा नाही, मिर्ताचा मुळीच नाही. मी मॉन्टेव्हिडिओहून विजेची किटली आणली होती, ती मिर्तानं पहिल्याच दिवशी पाहून 'ही इथे लावायची नाही' असं सांगितलं होतं. चुलीवर पाणी तापायला वेळ लागतो आणि माझा पुस्तकाचा परिच्छेद जमत आला होता. मी किटली लावली आणि सगळं घर काळं झालं. परत चालू करायचं बटण कुठे आहे ते मिर्तानं कागदावर लिहून ड्रॉवरमध्ये ठेवलं होतं. मी ड्रॉवर शोधायला पॅसेजमध्ये निघालो आणि बाकाला जोरात आदळलो. तेवढ्यात दुसऱ्या टोकाहून पावलं ऐकू आली. आत्या भिंतीला हात लावत आली, माझं कोपर धरलं आणि म्हणाली, 'उजवीकडे बाक आहे. आमची ओळख झालेली आहे.' मग तिनं मला स्वयंपाकघरात नेऊन बसवलं, किटली काढून ठेवली, आणि जाऊन बटण स्वतः दाबलं. मिर्तानं तिला ते तीनदा करून दाखवलं होतं. मी तेव्हा कर्तव्य म्हणून झोपलो होतो. अंधार एकूण अकरा मिनिटं होता. जनरेटरला हात लागला नाही. पण 'सलग' हा शब्द मोडला, हे खरं आहे. आणि आणखी एक: माझं कोपर धरताना तिचा हात थरथरत होता. ती घाबरली होती की वयानं थरथरत होता, मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं असं मला तेव्हाही वाटलं आणि आत्ताही वाटतं.

ता. क. २: आता ज्यासाठी हे सगळं पत्र लिहिलं ते लिहितो, कारण सुरुवातीला लिहायचा धीर झाला नाही. तीस तारखेची गाडी पाठवू नकोस. सात दिवस सोमवारपासून पुन्हा मोज, हवं तर चौदा मोज. किटली मी निकानोरच्या हवाली केली आहे आणि तिच्यात तो कोंबड्यांना दाणे घालतो. टेकडीवरच्या घरात पिलं झाली आहेत. नाताळापर्यंत ती उडून जातील, मग घर रिकामं होईल, आणि रिकामं घर हलवायला हरकत नाही असं निकानोरचं मत आहे. तेव्हा मिर्ता फळ्याला त्याची उरलेली दुपार परत देईल. तू तोवर स्वतः ये. गाडी पाठवून नव्हे, गाडीत बसून. तुझ्या डोळ्यांनी पॅसेज पाहा, आठ वाजताच्या तीन फेऱ्या पाहा, आणि वाटलं तर दिवा मालवून आईचा हात धरून एकदा चाल. थरथर कसली आहे ते तुला कळेल, मला कळणार नाही. मग जे ठरवशील त्याला मी साक्षीदार म्हणून सही करीन. माझी इथे राहायची इच्छा यात मिसळली आहे का, हे मी स्वतःला रोज विचारतो. मिसळली आहे. तेवढी वजा करून उरलेलं वाच.

ता. क. ३ (वेगळ्या अक्षरात): ओफेलिया, यानं मला सगळं वाचून दाखवलं, चष्मा मी या वेळी लावला होता. हात घाबरून थरथरत होता, याच्यासाठी; त्या बाकावर याचं डोकं आपटलं असतं तर मी तुझ्या मामाला वर जाऊन काय सांगितलं असतं? नाताळाला तू ये, पीच पिकलेले असतील. बाकी करार म्हणजे करार, सही माझीच आहे. अट मोडली आहे, तेव्हा तीस तारखेची गाडी ठरल्याप्रमाणे पाठव. अट ज्यानं मोडली तो सामान बांधून पायरीवर बसलेला असेल. त्याला लिफ्टशेजारची खोली दे आणि पुस्तक पुरं होईपर्यंत किटली देऊ नकोस. — आई